हाताची घडी

मुलीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाई मला रविवारी मिस्सा संपल्यावर वसईतल्या आमच्या चर्चच्या अंगणात हमखास भेटतात. वर्गातलं मूल दिसलं की त्या खुशाली विचारत नाहीत, महिन्यापूर्वी शिकवलेलं काहीतरी विचारतात. मग हाताची घडी घालून गप्प उभ्या राहतात.

एकदा त्यांनी माझ्या आठवीतल्या मुलीला गाठलं. "फुफ्फुसातून रक्त हृदयात आलं. कुठल्या कप्प्यात?"

पोरगी अडली. मला राहवलं नाही. "डावं अलिंद!" मी म्हणालो.

"झालं! खाल्लीत तिची आठवण," बाई कडाडल्या. "अहो, आयतं सांगितलेलं घरी जाईपर्यंत टिकत नाही. डोकं खाजवून काढलेलं टिकतं."

हा निव्वळ हट्ट की यात तथ्य आहे, ते मला बघायचंच होतं. म्हणून घरी जेवताना मीही प्रश्न विचारून गप्प बसू लागलो. सोपं नाही ते, जीभ नुसती वळवळते. पण पोरीला आठवायला लागलं.

गेल्या रविवारी बाईंसोबत त्यांची म्हातारी आई होती. अंगणात तिने बाईंकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तू कोणाची गो?"

मी सांगायला तोंड उघडलं, तसा बाईंनी मला हातानेच थांबवलं. हाताची घडी घालून त्या उभ्या राहिल्या. अंगण रिकामं होत गेलं. म्हातारीचे ओठ नुसतेच हलत होते.

मग बाईंनी घडी सोडली आणि तिचा हात हातात घेतला.

"तुझीच, आई."