मानवाधिकार दिन, करमाडची जमीन आणि आत्याची सही

काकांचा फोन आला, "दहा डिसेंबरला ये. आजोबांच्या नावानं व्याख्यान ठेवलंय. आधार कार्ड आण." व्याख्यानाला आधार कार्ड लागतं हे मला नवीन होतं. तरी निघाले.

पुण्याहून पहाटेची एसटी घ्या, पाच-सहा तास धरा आणि वाटेतल्या थांब्यावरचा वडा टाळा. काकांच्या शहरात, क्रांती चौकाजवळच्या सभागृहात पोचले तेव्हा काका माइकवर होते, "जगाला मानवाधिकार मिळाले, तेव्हा माझे आजोबा पॅरिसमध्ये हजर होते!"

काकांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, पॅरिसला गेले होते, इतकं खरं. निजामाच्या शिष्टमंडळाचे टंकलेखक म्हणून, १९४८च्या सप्टेंबरात, संयुक्त राष्ट्रांकडे भारताविरुद्धच तक्रार घेऊन. निकाल लागण्याआधी संस्थान शरण गेलं. मानवाधिकारांचा जाहीरनामा डिसेंबरात मंजूर झाला. तोवर पणजोबा गावी, करमाडला परतून ज्वारी राखत होते. त्या मसुद्यातल्या ‘सर्व पुरुष’ या शब्दांच्या जागी ‘सर्व माणसं’ आली ती एका भारतीय प्रतिनिधी बाईंच्या आग्रहानं. काकांच्या भाषणात त्या बाई आल्या नाहीत. आत्या मात्र पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

शहरात नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खा. एका प्लेटमध्ये दोघींचं भागतं. रात्री मुक्काम काकांकडे, चिकलठाण्याला. जेवणं झाल्यावर आधार कार्डाचा उलगडा झाला: हक्कसोडपत्र. कारखान्यांमुळे करमाडच्या वडिलोपार्जित जमिनीला भाव आलाय आणि काकांना ती विकायचीय. आत्यानं आणि मी (बाबा गेल्यावर त्यांचा वाटा माझ्याकडे आला) आपापला हिस्सा सोडायचा.

मी कागद शेवटपर्यंत वाचला. "काका, ‘स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय’ हे कुणी लिहिलं?"

"वकिलानं. तसंच लिहितात गं."

"मग माझी सही नाही."

"लई शिकलीस! बाईनं जमीन मागायची नसते, माहेर राखायचं असतं."

सकाळी रजिस्ट्री कार्यालयाच्या पायरीवर मी आत्याला थांबवलं. ती कुजबुजली, "सही केली नाय, तर सणाला मला कोण बोलावणार? तुझं काय, तुझं सगळं पुण्यात." आत गेली, सही केली, अंगठा दिला. काकांनी सगळ्यांना चहा पाजला. माझ्यापुढे कप आला नाही.

परतीची एसटी दुपारी मिळते. खिडकी उन्हाच्या उलट बाजूची घ्या.

संक्रांत झाल्यावर आत्याचा फोन आला. काकांचं बोलावणं आलंच नव्हतं. "गडबडीत असेल तो," ती म्हणाली. मग तिनंच विचारलं, "तुझा वाटा हाय ना गं अजून? एक खोली बांध तिथं. मी येईन चार दिवस."

एवढ्या प्रवासातून माझ्याकडे उरलं ते हे. जगाला दिलेल्या हक्कांची फुशारकी मारणाऱ्या घरात बहिणीला यायला दार राहिलं नाही. माझ्या वाट्याच्या मोजणीसाठी अर्ज केलाय, खोलीचा आराखडाही काढून झालाय. दार रस्त्याच्या बाजूला ठेवलंय, म्हणजे आत्याला काकांची परवानगी घेऊन यावं लागणार नाही.