शून्य वेगाचे पाणी

एकच सेंद्रिय अभिक्रिया पाण्यात वेगाने आणि अल्कोहोलात संथ घडते. हा फरक किती पट असतो, ते मी संगणकावर काढत होतो. चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवीत असे. पंचेचाळिशी उलटल्यावर पीएच.डी.ला नाव नोंदविले होते. प्रबंध सादर करण्यास चार महिने उरले होते.

संगणक एकच, तोही कार्यालयातला. उन्हाळ्याच्या सुटीत मला मिळे. अभिक्रिया करणाऱ्या रेणूभोवती मी पाण्याचे काहीशे रेणू मांडी आणि त्यांची हालचाल गणिताने पुढे नेई. एक गणित अनेक दिवस चाले. वीज रोज दुपारी जाई. ऊर्जानगरच्या वीजकेंद्राची धुरांडी खिडकीतून दिसत. त्याने भारनियमन टळत नसे. वीज जाण्यापूर्वी मी रेणूंच्या जागा फ्लॉपीवर उतरवी आणि आल्यावर तेथून पुढे चालू करी.

"सर, काऊन त्या पेटीत पाणी उकळून राह्यले?" कार्यालयातले बाबू विचारीत. "घरी गंज नाई का?"

"घरच्या पातेल्यात रेणू दिसत नाहीत."

"मंग इथी कुठी दिसून राह्यले?"

मे अखेरीस आकडा हाती आला. आधी प्रसिद्ध झालेल्या आकड्याशी तो जवळजवळ जुळला. त्यानंतर मी आज्ञावली पुन्हा वाचली. फ्लॉपीवर रेणूंच्या जागा उतरत होत्या, वेग उतरत नव्हते. रेणूंचा वेग म्हणजेच पाण्याची ऊब. रोज दुपारनंतर पाणी शून्य वेगाने, गारठलेले सुरू होत होते, आणि ते तापेपर्यंतची मोजमापेही मी सरासरीत धरली होती. चूक माझी होती.

मार्गदर्शक नागपूरला असत. वयाने माझ्याहून लहान, म्हणून मलाच 'सर' म्हणत. चूक मी त्यांना सांगितली.

"सर, आकडा जुळतो आहे. कोण विचारणार?"

"मी विचारले."

"मुदतवाढ मिळणार नाही. नोंदणी जाईल."

"जाऊ द्या."

नोंदणी गेली. मी पुन्हा अर्ज केला आणि जागांबरोबर वेगही उतरवून पुढचे दोन उन्हाळे सर्व गणिते नव्याने केली. या वेळी आकडा प्रसिद्ध आकड्यापासून बराच दूर गेला. मी तोच लिहिला.

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावर बोट ठेवले. "चंद्रपूरचे पाणी निराळे आहे काय?" लोक हसले. मी गणिताचे कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि चूक दाखविण्याची विनंती केली. त्यांनी बराच वेळ कागद चाळले. चूक दाखविली नाही. पदवी दिली, पण अहवालात 'निष्कर्ष शंकास्पद' असा शेरा मारला.

मार्गदर्शकांनी शेरा काढून घेण्यासाठी पत्र लिहावयास सांगितले. मी लिहिले नाही. शंका परीक्षकांची होती. ती त्यांनी सिद्ध करावयाची होती.