उद्यापासून येऊ नका

गाद्यांच्या कारखान्यातल्या मावशींना बावीस वर्षांत किती वेळा कामावरून काढलं, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. चहाच्या आधी कुणाला तरी काढल्याशिवाय मालकसाहेबांची सकाळ सुरूच होत नसे. टाका तिरका गेला, "उद्यापासून येऊ नकोस." कापूस सांडला, "उद्यापासून येऊ नकोस." एकदा भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, तर ज्या बापड्यानं वेळ विचारली त्यालाच काढलं. दुसऱ्या दिवशी सगळे मशीनवर हजर. कामगारांनी साहेबांचं नाव ठेवलं होतं तोफ. तोफ रोज उडायची, पण आजवर मेलं कुणी नव्हतं.

या माणसाला गावानं नगराध्यक्ष करायचं ठरवलं. त्याचं झालं असं की, व्यापाऱ्यांच्या सभेत साहेबांनी जुन्या नगराध्यक्षांना तोंडावर सुनावलं, "तुम्हाला मी माझ्या कारखान्यात सुया वेचायलाही ठेवणार नाही." गुळमुळीत बोलण्याला लोक इतके विटले होते की टाळ्या थांबेचनात. असा सडेतोड माणूस पाहिजे, म्हणाले.

मावशींची गल्ली मात्र बिचकत होती. शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "फार फटकळ आहेत हो ते."

"तोंडावर जाऊ नका," मावशी म्हणाल्या. "माणूस सोन्यासारखा आहे. माझा शब्द."

मावशींचा शब्द म्हणजे त्या गल्लीत काळ्या दगडावरची रेघ. अख्ख्या गल्लीनं मत दिलं. मास्तरीणबाईंच्या सासूला तर खुर्चीसकट उचलून नेलं, आणि म्हातारी वाटेत सगळ्यांना हात करत गेली. निकाल लागला त्या दुपारी मावशी आवारात रचलेल्या गाद्यांच्या थप्पीवर चढून नाचल्या. पन्नाशी उलटलेली बाई, पण गादीच ती, उसळी देते. खाली उतरवायला चार जण लागले.

चौथ्या दिवशी नव्या नगराध्यक्षांनी सफाईवाल्यांची हजेरी घेतली. त्यांचा मुकादम दहा मिनिटं उशिरा आला. साहेबांच्या तोंडून सवयीनं गेलं, "उद्यापासून येऊ नका. कुणीच येऊ नका."

आणि खरोखर कुणीच आलं नाही.

आठवडाभरात गल्लीच्या तोंडाशी एवढा ढीग झाला की सायकली उचलून न्याव्या लागत. मग एका सकाळी मावशींनी दार उघडलं, तर पायरीवर कचऱ्याच्या बादल्यांची रांग. मास्तरीणबाईंची बादली तेवढी झाकण लावून ठेवलेली, सुशिक्षित बाई ती. "शब्द तुमचा होता," एवढंच त्या म्हणाल्या. मावशींना रडू फुटलं. बावीस वर्षं तोफेपुढे न आलेलं रडू केळीच्या सालींपुढे आलं. उद्या या गल्लीत तोंड कसं दाखवायचं, हेच त्यांना कळेना.

त्या तशाच कारखान्यात गेल्या. साहेब हैराण होऊन बसले होते.

"बोललो म्हणून काय झालं? इथली माणसं नाही का येत?"

"येतात, कारण मी आणते," मावशी म्हणाल्या. "तुम्ही बोलून आत गेलात की मी मागून फिरते. चहा देते, पाठीवर हात फिरवते. सांगते, तो राग घड्याळावरचा होता, तुझ्यावरचा नाही. शिवणातली ती उंच मुलगी घरी निघून गेली होती, आठवतं? तिच्या दारात दोन तास बसले होते मी."

साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. "मला वाटायचं, माझा स्वभाव कळतो सगळ्यांना."

"मला कळतो. त्यांना चहा कळतो."

साहेबांनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग साहेब हळूच म्हणाले, "मावशी, तू जाऊन सांगतेस त्यांना?"

"नाही. सगळ्या गावामागून फिरायला मला पाय दोनच आहेत. मतं तुम्हाला दिली आहेत, तुम्हीच जा. मी नुसती सोबत येते."

सफाईवाले त्यांच्या शेडपाशी बसले होते. साहेबांच्या हातात चहाची भली मोठी किटली, मागे मावशी. मुकादम उठला नाही. साहेबांनी घसा खाकरला, छाती फुगवली आणि नेहमीच्या आवाजात सुरुवात केली, "उद्यापासून..."

मावशींनी डोळे मिटून घेतले.

"...या," साहेब म्हणाले. "चुकलो मी. चहा घ्या."

मुकादमानं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि कप पुढे केला. साहेबांना चहा ओतायची सवय नव्हती, अर्धा बशीत गेला. मावशींचा हात सवयीनं कुणाच्या तरी पाठीसाठी वर उठला होता, पण समजूत काढायला कुणी उरलंच नव्हतं. मग त्यांनी तो साहेबांच्याच पाठीवर ठेवला.

"मशीन सोडून इथे काय करतेस?" साहेब न वळता गुरगुरले. "उद्यापासून येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी मावशी पाच मिनिटं आधीच हजर होत्या.