अभिप्रायांचं पान

गुरुजींचा उजवा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला, त्याला मी कारण आहे. मला कुणी तसं म्हटलेलं नाही, त्यांच्या मुलीनेही नाही. डॉक्टर म्हणाले, साखर वाढलेली होती आणि आणायला उशीर झाला. तो उशीर कसा झाला ते मला माहीत आहे, आणि एकदा तरी ते सगळं लिहून काढायचं आहे.

एक्क्याऐंशी साली मी हसनाबादहून जालन्याला आलो आणि बियाण्यांच्या एका कंपनीत कारकून म्हणून लागलो. संध्याकाळी करायला काही नव्हतं, म्हणून एका हौशी नाट्यमंडळात जाऊ लागलो. मला अभिनय यायचा नाही. पण वाचन स्वच्छ होतं, म्हणून मला विंगेत प्रॉम्प्टर म्हणून उभं केलं. आमच्या मंडळात मोठी भूमिका नेहमी गुरुजींची असायची. ते वडीगोद्रीच्या शाळेत पुष्कळ वर्षं शिकवून बदलीवर जालन्याला आलेले होते. मंडळातल्याच एकाने लिहिलेल्या जुन्या नाटकात ते, वडीगोद्रीला असल्यापासून, कापसाच्या जिनिंगच्या रखवालदाराचं काम करायचे. त्यात त्यांना बारा मिनिटांचं स्वगत होतं. त्या बारा मिनिटांत खोकला आलेला माणूसही उठून बाहेर जाऊन खोकायचा.

गुरुजींचं पाठांतर कच्चं होतं, हे फक्त मला माहीत होतं. आमची एक खूण ठरलेली होती. ते अडले की डावा अंगठा सदऱ्याच्या काठावरून फिरवायचे. अंगठा हलला की मी शब्द टाकायचा. प्रेक्षकांना शांतता जाणवायच्या आत शब्द पोचला पाहिजे, एवढंच माझं काम. ते मी सोळा वर्षं केलं. प्रयोग संपल्यावर ते म्हणायचे, "प्रॉम्प्टर, आज तू दोनदा वाचवलं. चहा माझ्याकडून."

पुढे मंडळ थंडावलं. कुणाच्या बदल्या झाल्या, कुणी वारलं. नाट्यगृहाचे पत्रे उडाले ते परत बसलेच नाहीत. गुरुजी निवृत्त झाले, त्यांची पत्नी गेली आणि मुलगी नाशिकला होती. ते जुन्या जालन्यात एका खोलीत एकटे राहायचे.

दोन हजार एकच्या सुमारास ऑफिसात मी कॉम्प्युटर शिकलो आणि फुकटात मिळणाऱ्या जागेवर जालन्याच्या नाटकांची एक वेबसाइट केली. स्टेशनजवळच्या नेट कॅफेत बसून जुने फोटो, जाहिरातीची पत्रकं, नाटकांची यादी असं एकेक चढवत गेलो. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चौकोन होऊन दिसायची, म्हणून मथळे कागदावर ब्रशने काढून त्यांचे फोटो टाकले. शेवटी एक पान ठेवलं, अभिप्रायांचं. पाहणाऱ्याने तिथे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं.

दर रविवारी दुपारी मी गुरुजींना रिक्षाने तिथे घेऊन जायचो. पहिले चार रविवार अभिप्रायांचं पान कोरं होतं. पाचव्या रविवारी गुरुजी पडद्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "कुणी बघून न्हाई राह्यलं का रे?" त्यांचा डावा अंगठा टेबलाच्या काठावरून फिरत होता. त्यांना ते कळलंही नसेल. मला कळलं.

मधल्या दिवसांत जाऊन मी एक अभिप्राय लिहिला. पुण्यात राहणारा कुणी एक, लहानपणी जालन्यात तो रखवालदार पाहिलेला. पुढच्या रविवारी तो मी गुरुजींना वाचून दाखवला. इंग्रजी अक्षरांतली मराठी त्यांना वाचवत नसे. "ही कोणती मराठी, काना-मात्रा सोडून पळालेली," म्हणायचे. म्हणून वाचणारा मीच. त्यांनी तो तीनदा वाचायला लावला आणि कॅफेवाल्याला म्हणाले, "बराबर आहे, पुण्याची माणसं चांगलं ते विसरत न्हाईत."

त्यानंतर मला थांबता आलं नाही. प्रयोग बघून रडलेली एक बाई झाली, एक नाट्यशिक्षक झाला आणि एक डॉक्टर झाला. मूळचा भोकरदनकडचा, आता परदेशात असलेला. त्याच्या तोंडी मी लिहून बसलो की कधी तिकडे आलो तर ते स्वगत एकदा समोर बसून ऐकेन. पुढच्या खेपेला गुरुजींनी विचारलं, "कधी म्हणजे?" आणि मी बोलून गेलो, दिवाळीत.

मधे एक अभिप्राय असाही आला जो मी लिहिलेला नव्हता. आधी मला वाटलं, मीच लिहून विसरलो असेन. 'गुरुजींनी आम्हाला तिसरीत असताना रखवालदार करून दाखवला होता. घरी जाऊन मी तो आईला करून दाखवला. आई खूप दिवसांनी हसली. त्यांचा एक विद्यार्थी, वडीगोद्री.' नाव नाही, पत्ता नाही. मी तो वाचला तेव्हा गुरुजी म्हणाले, "तिसरीचा वर्ग माझ्याकडंच असायचा." आणि लगेच, "डॉक्टरचं काही आलं का?"

डॉक्टरसाठी त्यांनी तालमी सुरू केल्या. नाट्यगृहाच्या चौकीदाराला सांगून बंद रंगमंचावर अनवाणी उभे राहायचे. मी विंगेत. गणपतीनंतर कधीतरी जुन्या नेपथ्याचा खिळा त्यांच्या तळपायात गेला. साखरेमुळे त्यांना तो कळलाच नाही. तालमीनंतर घातलेला मोजा रक्ताने चिकटलेला मी पाहिला. मी म्हणालो, दवाखान्यात चला. ते म्हणाले, "हळद लावली. स्वगत म्हण पुढचं."

दसऱ्याला मुलगी आली. तिने पाय पाहिला आणि त्यांना नाशिकला न्यायचं ठरवलं. गुरुजी हलेनात. तिने मला बाहेर बोलावलं.

"भाऊ, कोण हे डॉक्टर? दिवाळीपर्यंत जागचे हलत नाहीत म्हणतात."

"आहेत एक. नाटकवाले."

"तुमचं ऐकतात ते. तुम्ही सांगा ना. पाय काळा पडायला लागलाय."

एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, सांगतो. आणि नेट कॅफेत गेलो. डॉक्टरच्या नावाने लिहिलं, सुटी मिळत नाही, दिवाळीला येता येणार नाही, क्षमा असावी. मला वाटलं, यातून ते मोकळे होतील आणि मी पण सुटेन. तो निरोप छापून आणला आणि मुलीच्या देखत वाचून दाखवला.

गुरुजी म्हणाले, "मंग उन्हाळ्यात येईल. तोवर पाठ पक्कं होतंय. आपल्याला काय घाई आहे?"

मुलगी परत गेली. मी अजून अठरा दिवस गप्प राहिलो. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. त्यांच्या दारात गेलो की आतून स्वगत ऐकू यायचं.

अठराव्या दिवशी त्यांना ताप चढला. औरंगाबादच्या दवाखान्यात नेलं. पाय जाणार हे नक्की झालं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. गुरुजी म्हणाले, "डॉक्टरला पायाचं लिहू नको. आला की बसून करीन. रखवालदार बसलेला बी चालतो."

तेव्हा मी सांगितलं. डॉक्टर कुणी नाही गुरुजी. ते मी लिहीत होतो.

ते छताकडे बघत होते. तसंच बघत विचारलं, "पुण्याचा?"

"मीच."

"ती बाई? रडली म्हणाली ती?"

"मीच."

"नाट्यशिक्षक?"

मी मान हलवली.

"आन् वडीगोद्रीचा?"

"तो खरा आहे गुरुजी. शपथ घेऊन सांगतो. तो मी नाही लिहिला."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराकडे बघावं तसं. "चांगलं लिहितोस तू," म्हणाले. "आईचं हसणं चांगलं घातलंस." आणि भिंतीकडे तोंड केलं.

पाय गेला. ते नाशिकला गेले. मी माझे सगळे अभिप्राय पुसून टाकले. पानावर तो एकच उरला. त्याची प्रत छापून पाठवली, पण तिचा काय उपयोग? माझ्या खोट्या अभिप्रायांचीही तीच अक्षरं होती. तो माणूसच त्यांच्यासमोर उभा करायला हवा होता. महिन्यातून एकदा मी फोन करायचो, ते सभ्यपणे बोलायचे, हवापाण्याचं. एकदा मी म्हणालो, मी वडीगोद्रीला जाऊन शोधतो त्याला.

"सापडला तर घेऊन ये," गुरुजी म्हणाले. "पढवून कुणाला आणू नको."

मी सुटीच्या दिवशी वडीगोद्रीला जाऊ लागलो. हायवेवरची दुकानं, शाळा, पिठाची गिरणी. त्यांचे विद्यार्थी पुष्कळ भेटले. इंटरनेटवर लिहिलेला एकही नाही. कुणी म्हणे गाव सोडून गेला असेल, कुणी म्हणे असलं काही गावात कुणाला येतच नाही. शेवटी एक टायरवाला भेटला, माझ्याएवढाच, हाताला काळं लागलेला. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं.

"मी त्यांच्या तिसरीत होतो साहेब. रखवालदार बी बघितलाय. लिहिलं न्हाई एवढंच."

"आईला करून दाखवला होता का?"

"न्हाई. पण सांगू का फोनवर, मीच लिहिलं म्हणून? म्हातारा माणूस आहे. खुश होऊन जाईल. आपलं काय जातंय?"

त्याने हात पुसले आणि माझ्या मोबाइलसाठी पुढे केला. गुरुजींचा नंबर पडद्यावर लावलेला होता. मोबाइल मी त्याच्या हातात दिलाही. पलीकडे घंटी वाजायला लागली तसा परत हिसकावून घेतला आणि बंद केला. तो मला म्हणाला, "अजब माणूस आहात."

गुरुजी पुढच्या वर्षीच्या थंडीत गेले. मुलीने फोन केला. शेवटचे काही दिवस ते विचारायचे म्हणाली, जालन्याहून काही आलं का. मी तिला विचारू शकलो नाही की ते नेमकं कुणाची वाट बघत होते. वेबसाइट पुढे फुकट जागा देणाऱ्या कंपनीने बंद केली, तो एक अभिप्रायही तिच्याबरोबर गेला. अंबडवरून पुढे जाताना बस वडीगोद्रीला थांबते, तेव्हा मी अजून खाली उतरतो आणि चहाच्या टपरीवर उभ्या माणसांना विचारतो.