पाण्यानं केलेलं बेट

वडील गेले तेव्हा मला तीन दिवसांचं सुतक आलं. लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं सुतक तीनच दिवस, भावाला मात्र दहा. चौथ्या दिवशी न्हाऊन मी कन्नडहून औरंगाबादला परत आले आणि पाचव्या दिवशी शाळेत फळ्यावर हातच्याच्या बेरजा लिहीत होते. सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही सात माणसं. मोरीत जाऊन रडावं म्हटलं तर बाहेरून कुणीतरी कडी वाजवणार. महिने गेले तरी माझं रडं काही निघालं नाही, आणि मला त्याची भीती वाटायला लागली. बाप गेला आणि पोरगी रडली नाही, म्हणजे पोरीतच काहीतरी खोट असणार. हे मी कुणाजवळ बोलले नाही.

म्हणून मला बेट पाहिजे होतं. त्याची बातमी शाळेतल्या एका बाईंनी डबा खाताना दिली. पैठणच्या धरणाचं पाणी मागं गंगापूरच्या बाजूला लांबवर पसरलंय, त्या फुगवट्यात एक टेकडी आहे, चारी बाजूंनी पाणी. वर काळ्या दगडाचं जुनं महादेवाचं देऊळ, शेजारी एक ओवरी. गुरव सोमवारी होडीनं जाऊन पूजा करून येतो, बाकीचे सहा दिवस तिथं चिटपाखरू नसतं. माझं घास घेणंच थांबलं. तीन दिवस मौन धरायचं, एक वेळ भगर खायची आणि देवासमोर वडिलांसाठी बसायचं, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

चौकशा करणं ही माझी लहानपणापासूनची खोड. एक दोनशेपानी वही घेतली आणि तिच्यात प्रश्न लिहीत सुटले. होडी कुणाची? तिथलं पाणी पिण्यालायक आहे का? ओवरीला दार आहे का? विंचू किती, साप किती? देऊळ बांधणाऱ्यांनी एवढ्या उंचावर दगड कसे चढवले, आणि तेव्हा खाली नदीच असणार, मग वर जाऊन कुणाला काय मागायचं होतं? बेटाबद्दल जितकं लिहावं तितकं कमीच पडत होतं. पेपर तपासायचे सोडून मी ती वही उघडून बसायचे.

बोभाटा ह्यांनी केला. जेवताना म्हणाले, "आई, तुझी सून संन्यास घेतीय. धरणातल्या महादेवाच्या टेकडीवर जाऊन मौन धरणार आहे."

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या भाकरी थापत होत्या, हात परातीतच थांबला. "कुठली टेकडी? काळ्या देवळाची? ती तर आमची टेकडी. तिच्या पायथ्याला माझं माहेर व्हतं."

त्यांचं माहेर धरणात गेलं हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. पण ते पाणी आणि माझ्या बेटाभोवतीचं पाणी एकच, हे काही डोक्यात आलं नव्हतं. भाकरी तव्यावर टाकून त्या म्हणाल्या, "मी बी येते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आत्याबाईंचं तोंड म्हणजे अखंड सप्ताह. दूधवाल्याशी बोलणार, भाजीवालीशी बोलणार, कुणीच नसलं तर स्टोव्हशी बोलणार, "आता का रे फुरफुर करतोस". ही बाई शेजारी असताना कसलं मौन आणि कसलं काय. पण त्यांच्याच माहेराला त्यांनाच येऊ नका म्हणणार कसं? मी अट घातली, तीन दिवस एक शब्द बोलायचा नाही.

"नाय बोलत. त्यात काय," त्या म्हणाल्या. मग पीठ झटकत त्यांनी जोडलं, "पण जायचं तर मे महिन्यात."

मे महिना म्हणजे शाळेला सुट्टी. मला ते सोयीचंच होतं, म्हणून मी मान डोलावली. एवढी वहीभर चौकशी करणारी मी, आणि मे महिनाच का, हे काही विचारलं नाही.

संक्रांत झाल्यावर एका रविवारी आम्ही दोघी जागा पाहून यायला निघालो. होडीवाला गाठायचा, गुरवाला कळवायचं, एवढंच काम. एसटीत शेजारच्या बाईशी आत्याबाईंचं लगेच नातं निघालं, तिच्या नणंदेच्या सासरपर्यंत जाऊन आलं. मी खिडकीला डोकं टेकून मनातल्या मनात त्या तीन दिवसांची रंगीत तालीम करत होते. फाट्यावर उतरलो, अर्धा तास चाललो, आणि ते दिसलं.

खरंच बेट होतं. पाणी इतकं की पलीकडचा काठ नीट दिसेना. मधोमध टेकडी, तिच्यावर देवळाचा काळा ठिपका. वाऱ्यानं पाणी काठावर आपटत होतं, तेवढाच आवाज. मला एकदम भरून आलं, वाटलं आपली जागा सापडली.

काठावर एक वयस्कर भोई जाळं दुरुस्त करत बसला होता. होडी त्याचीच. मी वही काढली आणि एकेक विचारत गेले. त्यानं पाण्याचं सांगितलं, विंचवांचं सांगितलं, ओवरीला दार नाही हेही सांगितलं. शेवटी मी म्हणाले, "मग मे महिन्यात आम्हाला सोडाल ना?"

त्यानं जाळ्यातून मान वर केली. "मे मधी? मे मधी होडी कशाला लागती, बाई? चालत जा की."

मला कळेना. त्यानं हातातली दोरी खाली ठेवली आणि शांतपणे समजावलं. उन्हाळ्यात कालव्यांना पाणी सुटतं, फुगवटा मागं हटतो, दोन-तीन मैल जमीन उघडी पडते. बेट बिट काही राहत नाही, नुसती टेकडी. ओल्या गाळात लोक टरबूज, काकड्या लावतात, इंजिनं चालतात, बकऱ्या येतात, पोरं येतात. बुडालेली गावं वर येतात. मग ज्यांची त्यांची माणसं आपापलं घर बघायला येतात. "जत्राच असती म्हना," तो म्हणाला.

मी आत्याबाईंकडं वळले. त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"व्हय."

"एरवी दिवसभर बोलता. एवढंच बोलायचं राहिलं?"

"सांगितलं असतं तर तू म्हणली असतीस, मग मे नको." त्यांनी पदर सारखा केला. "पाणी आल्यापासून मी तिथं पाय ठेवला नाय. भाऊ नव्या गावठाणात गेला, तिथं पत्र्याची घरं. मला कोण नेणार हितं? तू निघालीस तर मला वाटलं, आपलं बी व्हईल."

खरंच होतं ते. मी मे नकोच म्हटलं असतं. मला पाणी पाहिजे होतं आणि त्यांना पाण्याखालचं पाहिजे होतं, आणि घरातून दोघींना बाहेर पडायला मिळणार ते एकदाच. संताप तर असा आला होता की त्यांना तिथंच सोडून चालायला लागावं.

भोई भला माणूस. त्याला आमचं भांडण कळलं असावं. म्हणाला, "शांत बसायचं असंल तर आत्ताच या. पुढच्या मंगळवारी सोडतो, शुक्रवारी आणतो. आत्ता तिथं कुणी नाय."

माझी रजा शिल्लक होती. आत्याबाई लगेच म्हणाल्या, "जा तू. तुझं खरंय. तुला निवांत बसायचंय. मी नाय येत. त्या देवळात मला गप बसवत नाय."

"का?"

रागातसुद्धा माझ्या तोंडून तेच निघालं. त्या एका दगडावर बसल्या.

"रझाकाराच्या दिवसांत आमी सहा दिवस त्या देवळात दडलो व्हतो. गावातल्या बाया, पोरं, चार म्हातारी आन राखणीला माझे वडील. मी सात वर्साची आसंन. खाली कुणी आलं गेलं की माझे वडील माझ्या तोंडावर हात ठेवायचे. असा." त्यांनी स्वतःच्या तोंडावर पालथा पंजा ठेवून दाखवला. "त्यांच्या हाताला तंबाखूचा वास. मला रडू यायचं पन आवाज काढायचा नाय. गावातला मुसलमान पिंजारी रोज निम्म्या चढावर भाकरी ठेवून जायचा, त्यो बी बोलायचा नाय. कुणी बघितलं असतं तर त्याच्या बी जिवावर बेतलं असतं की. मग पोलीस ॲक्शन झाली. खाली उतरलो तवा वडील म्हनले, आता बोल गं बाई, किती बोलायचं तितकं बोल."

भोई जाळं विसरून ऐकत होता. मला माझीच लाज वाटली. पाच वर्षं मी या बाईच्या बडबडीला नावं ठेवली, मैत्रिणींत नकला केल्या, आणि जगभरच्या चौकशा करताना हिला एक प्रश्न विचारला नाही.

परतीच्या एसटीत त्या बोलल्याच नाहीत. शेजारी बाई होती, कडेवर मूल होतं, तरी नाही. मला ते सहन होईना. शेवटी मीच सुरू केलं. घराचं तोंड कुठल्या दिशेला होतं? चूल कुठं? आड किती खोल? बैल कुठं बांधायचे? आधी एकेका शब्दात उत्तरं आली, मग वाक्यात. औरंगाबादच्या स्टँडवर उतरेपर्यंत माझ्या वहीत त्यांच्या घराचा नकाशा तयार झाला होता, पिंजाऱ्याच्या घरासकट.

मंगळवारची रजा मी टाकली नाही. हे म्हणाले, "संन्यास रद्द का?" मी म्हणाले, "पुढं ढकललाय." पण मनातून मला ठाऊक होतं की माझं बेट गेलं. त्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मार्चमध्ये दोन-तीनदा वाटलं, रजा टाकावी आणि गुपचूप एकटीनं जाऊन यावं.

मे महिन्यात गेलो तर भोई म्हणाला होता अगदी तस्संच. गाळाला भेगा पडलेल्या, त्यांतून टरबुजाचे वेल, तीन इंजिनं फटफटतायत, पोरं बकऱ्यांमागं ओरडतायत. शांततेचं नाव नाही. टेकडी बाजूला उभी होती आणि तिच्यावर चार जण विड्या ओढत बसले होते. आत्याबाई चप्पल हातात घेऊन माझ्यापुढं तरातरा चालत होत्या. वही उघडायची वेळच आली नाही. एका जागी त्या थांबल्या. जोत्याचे दगड तेवढे उरले होते, भिंती केव्हाच विरघळल्या होत्या.

"हितनं आत ये," त्या म्हणाल्या. भिंत नसताना मी दारातून आत गेले. त्यांनी चूल दाखवली, जातं दाखवलं, कोपऱ्यात आईची बाळंतिणीची बाज दाखवली. तिथं वीतभर गाळाशिवाय काही नव्हतं. त्यांचे वडील जिथं बसायचे तिथल्या दगडावरचा गाळ त्यांनी पदरानं पुसला, आपण बसल्या आणि मला शेजारी बसवलं. मला वाटलं आता त्या रडणार, म्हणून मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायच्या तयारीत होते.

त्या माझ्याकडं वळल्या. "तुझ्या वडलांचं सांग."

"काय सांगू?"

"कसे व्हते. मी लग्नात एकदाच बघितले, तेबी पंगतीत. तू आल्यापासून कधी त्यांचं बोललीच नाय. मला वाटायचं विचारावं, पर तुझं तोंड बंद."

माझे वडील गेल्यापासून त्या दिवसापर्यंत ते कसे होते हे मला कुणीही विचारलं नव्हतं. किती वय होतं विचारलं, काय झालं होतं विचारलं. मला सुरुवातच सापडेना. मग म्हणाले, "एसटीचे ड्रायव्हर होते. कन्नडचा घाट उतरायच्या आधी गाडी थांबवायचे, चपला काढून सीटखाली ठेवायचे आणि अनवाणी पायांनी घाट उतरायचे. म्हणायचे, ब्रेक पायाला कळला पाहिजे. लहानपणी मला इंजिनाशेजारी बसवायचे, आणि मी..."

पुढं आवाजच निघाला नाही. जे निघालं ते रडं होतं, गळा काढून, भर उन्हात, टरबुजं तोडणाऱ्या बाया कोयते थांबवून बघत होत्या तरी. आत्याबाईंनी मला उगी उगी म्हटलं नाही, डोळे पुसले नाहीत, पाणीसुद्धा पुढं केलं नाही. हुंदका जरा बसेपर्यंत थांबल्या.

"मंग?" त्या म्हणाल्या. "घाट उतरल्यावर काय करायचे?"