पाटीवरचा मजकूर

लंडनमधल्या पिनरजवळच्या एका आर्ट्स चॅरिटीत कस्तुरी अकरा वर्षं गोधड्यांचा वर्ग चालवते. दर सोमवारी तिथला सगळा स्टाफ गोल करून बसतो. सत्ता कुणाकडे आहे, कुणाचा आवाज ऐकला जात नाही, यावर तासभर बोलणं होतं. कस्तुरी सुरुवातीला मनापासून बोलायची. मग दमली. गोलात ती एकटीच भारतीय, त्यामुळे 'तुझा अनुभव सांग' म्हणून दर वेळी सगळ्या माना तिच्याकडेच वळायच्या, पण तिच्या वर्गाला खिडकीची खोली काही मिळायची नाही.

यंदा मार्चमध्ये वर्गातल्या बायकांच्या गोधड्यांचं प्रदर्शन ठरलं. डिरेक्टर हेलनने भिंतीवर पाटी लावली : 'दडपलेल्या स्त्रियांचा मूक आक्रोश'. वर्गातल्या सर्वांत मोठ्या अनुराधाताईंनी ती दोनदा वाचली.

"कस्तुरी, मला कुणी दडपलं गं? तीस वर्षं हॉस्पिटलात एक्स-रे काढले मी. अख्खं डिपार्टमेंट चळचळा कापायचं मला."

सोमवारी कस्तुरीने विषय काढला. "पाटी लिहिताना आपण बायकांना विचारलं का?"

हेलन हळुवारपणे म्हणाली, "थँक यू, कस्तुरी. हे बोलायला धैर्य लागतं. तूच यावर एक वर्कशॉप घेशील?"

"वर्कशॉप नको. पाटी काढा."

"ती प्रिंट झालीय ना. पुढच्या वेळी नक्की."

भांडायचं त्राण कस्तुरीत नव्हतं. मंगळवारी लवकर येऊन तिने पाटी उतरवली, कपाटामागे सरकवली आणि बायकांना कोरी कार्डं वाटली. अनुराधाताईंनी लिहिलं, 'नातीसाठी शिवली. ती एडिनबराला असते. न्यायला तिला अजून वेळ मिळालेला नाही.'

उद्घाटनाला लोक त्या कार्डांपाशीच रेंगाळले. हेलन पाहुण्यांना सांगत होती, "बायकांनीच लिहावं, असं आमचं पहिल्यापासून ठरलं होतं."

अनुराधाताईंनी कस्तुरीला कोपराने डिवचलं. "बोल की!"

"बोलले तर सोमवारी त्याच्यावरही चर्चा होईल, ताई."

दोघी हसल्या. कस्तुरीला मात्र कधी एकदा घरी जाऊन आडवी होते असं झालं होतं.

राजीनामा तिने लिहूनही ठेवला होता. पण बायकांनी नव्या गोधड्यांसाठी जुन्या साड्या आणून टाकल्या, त्या टाकून जाववेना. सोमवारच्या गोलात यापुढे बसणार नाही, एवढंच तिने हेलनला लेखी कळवलं. त्या तासाला ती वर्गात असेल.

उत्तर लगेच आलं : 'वी रिस्पेक्ट युअर बाउंडरीज.'

कस्तुरीने ते वाचलं, फोन पालथा ठेवला आणि सुया ओवायला घेतल्या.