पोपटाला दिलेलं बियाणं

कळसच्या शिवारात छबूबाईसारखी मूठ दुसऱ्या कुणाची नव्हती. पेरणीच्या पाभरीमागं चालत ती चाड्याच्या तोंडात जोंधळा सोडायची तो असा एकसारखा, की उगवल्यावर ओळीत ना कुठं दाटी, ना खंड. पेरणीला चार घरची माणसं तिला बोलवायला यायची. आणि हाच हात, काय सांगावं, दारात कासार आला की तिचं ऐकायचा नाही!

बारामतीचा संभाजी कासार महिन्यातून एकदा फेरीला यायचा. बांगड्यांच्या खाली नाना चिजा असायच्या, आणि मोबदला दाण्यांचा. छबूबाईनं काय काय घेतलं होतं म्हणता? तोंड एक आणि आरसे तीन. अत्तराची रिकामी बाटली. एक पितळी कुलूप, आणि घराच्या दाराला कडीच नव्हती! नवरा सर्जेराव हसून सोडून द्यायचा. सासू कुशाबाई तेवढी म्हणायची, "छबू, तुजं डोळं आदी घेत्यात, डोस्कं मागनं येतंय."

चौतीस साली भादव्यात कासारानं पत्र्याचा पोपट काढला. चावी पिळली की मान हलवून टकाटका चोच मारायचा. छबूबाईचा जीव जडला.

"दोन पायल्या जोंधळं, वैनी," कासार म्हणाला.

खायच्या जोंधळ्याची कणगी तळाला गेलेली. पण उतरंडीमागं एक मोठं मडकं होतं. कुशाबाईनं सुगीत एकेक कणीस निवडून, राख चोळून ठेवलेलं बी. पेरणीला अजून लांब हाय, तवर बघू कायतरी, असं स्वतःलाच सांगत छबूबाईनं अख्खं मडकं रिकामं केलं. कासार राखेवरून कुरकुरला, तर हिनं पाखडून दिलं!

चौथ्या दिवशी पाऊस झाला. रान पेरणीजोगं झालं तसे सर्जेरावानं बैल पाभरीला जुंपले आणि हाक मारली, "बी काढ."

छबूबाई जागची हलली नाही. "बी न्हाय," ती म्हणाली. "पोपटावर दिलं."

सर्जेराव पाभरीकडं वळला. त्यानं बैल सोडले. कुशाबाईनं उतरंडीमागचं मडकं पालथं करून पाहिलं. "कुणाकडं मागावं तर भुईतल्या पेवातलं दाणं ऊब धरत्यात, बये. ते खायाचं, उगवत न्हाईत. तुला ठावं न्हवतं?"

ठावं होतं. ठावं असून दिलं, याचीच छबूबाईला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. शेजारच्या हिंदुरावाची गाडी त्याच दिवशी बारामतीच्या बाजाराला निघाली होती. पोपट ओटीत बांधून ती गाडीत चढली. ओल सुकायच्या आत बी परत आणायचं होतं.

कासार घरी नव्हता. त्याची बायको दगडाबाई जात्यावर बसलेली. लांबून आलेल्या बाईला उपाशी कसं ठेवायचं म्हणून तिनं आधी भाकरी आणि कोरड्यास पुढं ठेवलं. छबूबाईनं घास घेतला. "जोंधळा लई ग्वाड हाय, बाई."

"अवं तुमच्याच कळसचा हाय त्यो!"

घास तोंडातच राहिला. समोर सुपात जे दळायचं राहिलं होतं, त्यातल्या दाण्यांवर राखेची करडी झाक होती. "आता जात्यात घालू नगा," छबूबाई रडतच ओरडली. "ते बी हाय आमचं!"

दगडाबाईनं जात्याच्या तोंडातले दाणेसुद्धा खरवडून दिले. निम्मं बी भरलं. पोपट मात्र तिनं घेतला नाही, कारण त्याची चावी छबूबाईनं दुसऱ्याच दिवशी हरवली होती.

निम्मं रान पेरलं. मूठ कुशाबाईनं स्वतः धरली. म्हातारीचा हात कापत होता, ओळी वाकड्यातिकड्या उगवल्या, आणि छबूबाई बांधावर बसून बघत राहिली. उरलेलं निम्मं रान वर्षभर पडीक. जाणारायेणारा विचारायचा, हे असं का? सर्जेरावानं पोपट काठीला बांधून पिकात उभा केला, निदान पाखरं भितील म्हणून. चिमण्या त्याच्याच डोक्यावर बसायच्या. बियाचं मडकं कुशाबाईनं आपल्या उशाशी नेलं.

कासार येतच राहिला. छबूबाईचं मन ओढ घ्यायचं थांबलं का? छे, खोटं कशाला बोला! फक्त आता ती म्हणायची, "बसा. जेवढं दाणं मागताय तेवढं आदी दळती, मग घेती की न्हाय ते सांगती." पायलीभर दळायचं म्हणजे खांदे भरून येतात. दळता दळता दगडाबाईची ती भाकरी आठवायची, आणि पीठ झालं की ते द्यायला जीव होत नसे. त्याच पिठाची भाकरी कासाराच्या हातावर ठेवून ती त्याला वाटेला लावायची. "वैनी, तुमच्याकडं आता जेवायलाच यायाचं!" तो म्हणायचा. एकदा दळून झाल्यावरही मन हटलं नाही, तेव्हा तिनं पोती शिवायचा दाभण घेतला. तो पुढं कैक वर्षं वापरात होता.

दुसऱ्या वर्षी पेरणीला कुशाबाई मडकं घेऊन रानात आली. छबूबाई सवयीनं बांधावर बसायला निघाली.

"कुठं चाललीस?" म्हातारी खेकसली. "माजा हात कापतोय. धर मूठ." आणि सगळं बी तिनं सुनेच्या ओटीत ओतलं.

सर्जेरावानं बैल हाकले. पाभरीच्या पहिल्या फेरीला छबूबाईला डोळ्यातल्या पाण्यानं पुढचं काही दिसत नव्हतं, पण मूठ ढळली नाही.